रबरी बाळाची टीट

घरच्या काजळाचा तुपकट वास आला की मला चाकणमधली ती चाचणी आठवते. आम्ही कार धडकवून तिच्यातली लहान मुलांची सीट तपासत होतो आणि तिच्यात बाळाएवढी रबरी बाहुली बांधली होती. धडकेनंतर पुढच्या सीटच्या पाठीवर काळा डाग दिसला. कुठे आपटलं तर खूण उमटावी म्हणून बाहुलीच्या कपाळाला आम्ही लाल रंग लावला होता, मग हा काळा कुठला? बाहुलीचं तोंड आपटलं असेल, तर सीट नापास. सगळे गोंधळलो. तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, “गालाला टीट म्या लावलीय. लेकराला आपटायला नेताय, नजर नको लागाया.” म्हणजे गालच आपटला होता. सीट नापास झाली. मावशींनी हळूच विचारलं, “लई लागलं का वो?” मी म्हणाले, “थोडंसं. होईल बरं.” रबराबद्दल मी असं का बोलले, मला अजून कळलेलं नाही.