चाकाची खुर्ची आणि बाबाचं ओंगण

मी मुळात भित्री. आज म्हातारी झाले, तरी दारावर कुणी जरा जोरात थाप मारली की माझा हात आधी खुर्चीच्या ब्रेकवर जातो. लोक म्हणतात, बाई मोठ्या धीराच्या. लहानपणी पोलिओनं पाय गेले, तरी शिकल्या, मास्तरीण झाल्या. शिकले हे खरं. धीरबीर काही नव्हता. जे केलं ते खुर्ची कुणीतरी काढून नेईल या भीतीपोटी केलं, आणि ही भीती कुठून लागली तेही मला पक्कं ठाऊक आहे.

आमचं गाव दर्यापूरकडचं, काळ्या मातीतलं. बाबा एका मोठ्या शेतकऱ्याकडे गाडीवान होता. हंगामात कापूस भरून अकोल्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायचा. माय कापूस वेचायला जायची. दहा वर्षांची होईपर्यंत तिनं मला कडेवर वागवलं. पुढे मी तिला पेलेनाशी झाले. मग सकाळी ओसरीवर बसवून, बाजूला पाण्याचा गडवा आणि भाकर ठेवून ती जायची. मी हातांवर भार देऊन खरडत खरडत अंगणापर्यंत जात असे, त्यापुढे नाही. घर गावठाणाच्या वरच्या टोकाला आणि शाळा खाली नाल्याजवळ, मधे सरळ उतार. शाळेतली पोरं पाढे म्हणायची ते मला वर ऐकू यायचे. एकोणतिसापर्यंतचे पाढे मी असे ओसरीवर बसून पाठ केले, शाळेचं दार न बघता.

एकदा बाबा जिनातून बातमी घेऊन आला. अकोल्यात एक संस्था आहे, तिच्याकडे समुद्रापलीकडच्या लोकांनी चाकाच्या खुर्च्या धाडल्यात, पांगळ्या पोरांना वाटायला.

"फुकट कोन देते?" माय म्हणाली. "पोरीले घेऊन गेले म्हणजे?"

शेजारणींनी त्यात भर घातली. आधी फोटो काढतात, मग पोर जहाजात घालतात, असं एकीनं छातीठोक सांगितलं. मायनं माझ्या दंडाला काळा दोरा बांधला. मी कापसाच्या गाडीत वर पडून अकोल्याला गेले, आणि सारा रस्ता दंडावरचा तो दोरा मुठीत धरून होते.

संस्थेच्या आवारात लाकडी खोकी फोडून खुर्च्या मांडल्या होत्या. रांग बरीच मोठी. माझा नंबर आला तेव्हा एकच खुर्ची उरली होती, तीही मोठ्या माणसाची. मला तिच्यात बसवलं तर पाय अधांतरी लोंबायला लागले. मी बाबाच्या गळ्यातला हात सोडेना. तेवढ्यात एक माणूस समोर येऊन फोटो काढायला लागला. फोटो! मी बसल्या जागी ओली झाले. नव्या खुर्चीची गादी भिजली, आणि आता हे बघतील नि खुर्ची परत घेतील, अशी दुसरी धास्ती लागली. म्हणजे दोन मिनिटांपूर्वी मला खुर्ची नको होती आणि आता ती जाईल म्हणून मी रडत होते. बाबानं खांद्यावरचा दुपट्टा माझ्या मांडीवर टाकला.

संस्थेची बाई पुण्याकडची असावी. पांढरं कडक लुगडं, मऊ बोलणं. तिनं ब्रेक कसा ओढायचा ते दाखवलं. बाजूचा दांडा ओढला की लोखंडी पट्टी चाकाच्या रबरावर दाबली जायची. मग ती बाबाला म्हणाली, "चार महिन्यांनी मी येऊन बघेन. खुर्ची वापरात नसली, किंवा हिला ती सांभाळता येत नसली, तर दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. मागे पुष्कळ मुलं आहेत."

मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे माझ्याएवढीच एक मुलगी आजोबांच्या पाठीवर होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. खुर्च्या संपल्या असं तिच्या आजोबांना कुणीतरी सांगत होतं, आणि ती माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघत होती. ती नजर मला पुढे कितीतरी दिवस जेवताना आठवायची.

खुर्ची गावात आली आणि मी शाळेत गेले. सकाळी माय मागून धरून उतार उतरवायची, संध्याकाळी बाबा वर ढकलत आणायचा. पुढेपुढे मी एकटी उतरायला शिकले. ब्रेक अर्धा ओढून धरायचा. पट्टी रबरावर घासत जायची, खुर्ची बैल चालतो तितक्या चालीनं खाली यायची. फक्त आवाज व्हायचा. कर्रऽऽ असा, दात आंबवणारा. अख्ख्या गावाला कळायचं की मी शाळेत निघाले.

बाबाला तो आवाज सोसत नसे. त्याचं दुखणं समजायला गाडीवानाच्याच घरी जन्मावं लागतं. चाकाच्या आसाला एरंडीचं तेल द्यायचं, त्याला आमच्याकडे ओंगण म्हणतात. बाबाच्या गाडीखाली ओंगणाचा नळा कायम भरलेला. त्याची गाडी कधी कुरकुरली नाही. कुणाची गाडी वाजत गेली की तो ओसरीवरूनच म्हणायचा, "गाडी हाकते का बैल मारते लेकाचा!" आणि आता त्याच्याच घरातली गाडी रोज गावभर बोंबलत जात होती.

चार महिने मी बोटांवर मोजले. शाळेत मन लागत नसे. गावात जीप शिरली की मला वाटे आली ती, आणि सोबत लाल रिबिनीवालीला घेऊन आली. खुर्चीवर ओरखडा दिसला तरी मी तो थुंकी लावून घासत बसायचे.

शेवटी निरोप आला, उद्या बाई येते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बाबानं खुर्ची धुतली, पुसली, चकचकीत केली. मी तेव्हा आत मायकडून वेणी घालून घेत होते. खुर्चीत बसवताना बाबा हसला. लाडात तो मलाच माय म्हणायचा. "आता पाह्य कशी चालते, माय. तिच्यासमोर नाक नाई कापू देत मी."

बाई खाली शाळेपाशी थांबली. हेडमास्तर, बाबा, अर्धं गाव तिथेच. मी वर, घरापाशी. ती खालून ओरडून म्हणाली, "एकटी ये बरं. कुणी धरायचं नाही."

मी निघाले. उतार लागला तसा ब्रेक अर्धा ओढला. आवाज आला नाही. वाटलं, नीट ओढला गेला नसेल. पुरता ओढला. दांडा लोण्यात बोट जावं तसा मागे आला, आणि खुर्ची थांबायच्या ऐवजी धावायला लागली.

तेव्हा काय वाटलं ते अजून माझ्या हातांत आहे. कानात वारा घुसला, खालची माणसं भराभर मोठी व्हायला लागली. त्यांच्यामागे नाल्यातले दगड दिसत होते. मी ओरडायला हवं होतं. पण ओरडले तर बाईला कळेल की मला खुर्ची सांभाळता येत नाही. म्हणून मी दात आवळले आणि तोंड मिटून तशीच खाली येत राहिले. मरायची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण खुर्ची जायची भीती तिच्याहून मोठी होती.

उजवं चाक हातानं पकडायचा प्रयत्न केला. तळहाताची सालटं निघाली, चाक तेलानं बुळबुळीत. तरी खुर्ची थोडी वळली आणि रस्त्याकडेला कुणी जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात घुसली. कपाशीच्या वाळक्या काड्या गालात, हातांत शिरल्या. खुर्ची आडवी झाली. एक चाक वरच्या वर फिरत होतं, अजिबात आवाज न करता.

बाबा धावत येत होता. त्याचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता, बाईमाणसासारखा बारीक: "माय वं! माझी माय वं!"

त्यानं मला उचललं. मी म्हटलं, "खुर्ची पाहा ना बाबा. मोडली का?"

खुर्ची मोडली नव्हती. बाई आली, तिनं खुर्ची उभी केली, रबरावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "ब्रेकला तेल कुणी लावलं?"

मला एकदम सगळं कळलं. बाबाकडे बघितलं तर त्याचा चेहरा राखेसारखा. आता बाबाचं नाव निघालं की खुर्ची गेली, असं मला वाटलं, आणि मी म्हणून मोकळी झाले, "मी लावलं."

"खोटं बोलून राहिली थे," बाबा म्हणाला. "म्या लावलं. ओंगण देल्लं."

"अहो, पण का?"

"लय वाजे, बाई. गाडी वाजली का गाडीवानाचं नाक कापल्या जाते."

"ब्रेक वाजायलाच हवा. तो घासला तरच चाक थांबतं."

"बैलगाडीले कुठं बिरेक असते? बैलच बिरेक."

लोक खो खो हसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवणारा माणूस भर रस्त्यात मान खाली घालून उभा होता. पुढे वर्षभर पोरं त्याला ओंगणवाले मामा म्हणून चिडवत होती. बाई मात्र हसली नाही. तिनं जवळच्या घरातून चुलीतली राख मागवली, खाली मातीत बसली आणि बाबाबरोबर रबर, पट्टी, दांडा घासायला लागली. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर तेलाचे काळे डाग पडले. घासून झाल्यावर उठली आणि मला म्हणाली, "आता परत वरून ये."

तिचा मला इतका राग आला! माझ्या हातांतून रक्त येत होतं. माय मधे पडली, "नाई बसत थे आता. घेऊन जा तुमची खुर्ची." मायनं हे म्हटलं आणि मी किंचाळले, "बसीन मी!" तिथे पहिल्यांदा माझा आवाज फुटला.

मला वर नेलं. सोललेल्या तळहातानं दांडा धरवेना. खाली उतार तोच, नाला तोच. बाबाला धरायची मनाई होती. मग तो माझ्यापुढे चार पावलांवर, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि उलटा चालत उतरायला लागला, बुजऱ्या बैलापुढे चालतात तसा, दोन्ही हात पसरून. मी ब्रेक ओढला.

कर्रऽऽ.

"वाजते," बाबा म्हणाला. "वाजते वं. ये." सगळा उतार तो तेवढंच म्हणत होता. शाळेपाशी मी दांडा पुरता ओढला आणि खुर्ची त्याच्या पायाशी थांबली. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं. खुर्ची माझीच राहिली.

ती जीपमध्ये बसताना माझ्या अगदी ओठावर आलं होतं की लाल रिबिनीवालीला मिळाली का खुर्ची. मी विचारलं नाही. नाही म्हणाली असती तर काय करणार होते मी? आजही मला त्याची लाज वाटते.

त्या दिवसापासून बाबानं खुर्चीला तेलाचा थेंब लागू दिला नाही. सकाळी गाडी जुंपायच्या आधी तो माझ्यामागे येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "वाजव." मी ब्रेक ओढायचा, तो आवाज ऐकायचा, मग जायचा. एक दिवस खंड नाही. मला वाटे, त्याचा गाडीवानी काटेकोरपणा.

मॅट्रिक होऊन मी अमरावतीला शिकायला गेले तेव्हा खुर्ची तीच होती, पाय तेवढे आता खाली टेकत होते. बाबा वसतिगृहात सोडायला आला. अंगणात पुष्कळ मुली होत्या, सगळ्या धड पायांच्या, इस्त्रीच्या साड्यांतल्या. बाबा फाटकापर्यंत गेला आणि तिथून वळून म्हणाला, "वाजव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मुलींपुढे ते कर्र! मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तो फाटकातच उभा राहिला. एसटीची वेळ होत आली होती. मी मान वर करेना.

"वाजव वं माय," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. तो आवाज मी आधी एकदाच ऐकला होता, पऱ्हाटीच्या ढिगात पडल्यापडल्या. इतकी वर्षं रोज सकाळी तो किती भीत होता ते मला तेव्हा कळलं.

मी दांडा धरला, खुर्ची थोडी पुढे ढकलली आणि सगळ्या मुलींसमोर ब्रेक ओढला. सगळ्यांनी वळून बघितलं. बाबानं मान डोलावली आणि एसटी गाठायला निघाला.