जपानी कादंबरी आणि तुरीतला वाघ

त्या वर्षी आमच्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटानं जपानी कादंबऱ्या वाचायचं आव्हान घेतलं आणि त्याच हिवाळ्यात मुकुटबनच्या शिवारात वाघ फिरायला लागला. दोन्हींचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता. माझ्या डोक्यात मात्र आता त्या दोन गोष्टी वेगळ्या होत नाहीत.

मी मुकुटबनला भाड्यानं एकटी राहायचे आणि जवळच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका. दुसऱ्या मॅडम पलीकडच्या बंजारा तांड्यावरच्या. सकाळी त्यांचे यजमान त्यांना मोटारसायकलवर सोडून शेतात जात. शाळा सुटली की मी त्यांना माझ्या स्कूटीवरून तांड्यापर्यंत पोचवत असे.

आव्हान सोपं होतं. दर महिन्याला एक जपानी कादंबरी वाचायची, गटावर तिच्याबद्दल लिहायचं आणि शेवटी जन्मात कादंबरी न वाचलेल्या एका माणसाला त्यातली एक वाचायला लावायची. पहिली कादंबरी मला कंटाळवाणी वाटली. एक माणूस जेवतो, फिरायला जातो, परत येतो. अर्धी झाली तेव्हा लक्षात आलं, की मी भरदुपारी उठून दाराची कडी दुसऱ्यांदा तपासून आले आहे. त्या पुस्तकात कोणी कोणाला मारत नव्हतं, किंचाळत नव्हतं. तरी भीती पायाशी येऊन बसली होती. मग मी तशीच पुस्तकं शोधून शोधून वाचत गेले.

इकडे वाघानं आधी एक गोऱ्हा नेला. मग नाल्याच्या रेतीत पंजे दिसले. नंतर शेजारच्या गावातला एक गुराखी जखमी झाला. फॉरेस्टवाले गाडीवर भोंगा लावून सांगून गेले, एकट्यानं शेतात जाऊ नका, दिवस असतानाच घरी या. पण रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, कोणाचं ऐकतात? राखण सोडली तर पीक जायचं. मॅडमचे यजमान रोज मचाणावर बसत होतेच.

अशा दिवसांत, जन्मात कादंबरी न वाचलेल्या मॅडमना, मी आव्हानासाठी एक पुस्तक दिलं. माझ्याकडच्या जपानी कादंबऱ्यांपैकी तेवढी एकच मराठीत होती. डोंगरातल्या खेड्यातली एक बाई. तिचा नवरा कोळशाच्या भट्टीकडे जातो आणि परतत नाही. ती रोज संध्याकाळी त्याच्या अंघोळीचं पाणी तापवते. पाणी तापतं, निवतं. भाषा सोपी होती, पानं थोडी होती, म्हणून निवडलं. दुसरा काही विचार मी केला नव्हता.

चार-पाच दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "हे पुस्तक मी घरी नाही नेत आता. शाळेतच ठेवते."

"काहून?"

"ते बाई पाणी ठेवते न मॅडम, तर मले वाटते मीच बसली हाव चुलीपुढं. आमचे हे रोज शेतातून येतात, त्यांच्यासाठी मीबी ठेवतोच न पाणी."

मी म्हटलं, नका वाचू मग. त्या म्हणाल्या, "आता कसं सोडू? तिचा माणूस कुठी हाये, ते तर समजलं पाह्यजे." आणि मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्या वाचत राहिल्या.

एका दुपारी त्यांच्या सासूचा फोन आला. नाल्याकाठी वाघानं गाय मारली होती, त्यांच्या शेताला लागूनच. मॅडमनी यजमानांना फोन लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आम्ही मुलांना सरपंचांच्या घरी बसवलं आणि स्कूटीवर निघालो.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर डोक्याच्या वर गेलेली, पिवळ्या फुलांनी भरलेली. आत दोन हातांवर काय आहे ते दिसत नव्हतं. मागून मॅडम एकदम म्हणाल्या, "शेवट सांगा."

"कशाचा?"

"त्या पुस्तकाचा. तिचा माणूस वापस येते का?"

"मॅडम, आता काय ते…"

"खरं सांगजा."

मला खोटं बोलता आलं नाही. "येत नाही," मी म्हटलं.

त्या माझा खांदा घट्ट धरून म्हणाल्या, "जोरात चालवा."

बांधावर मोटारसायकल उभी होती. मचाण रिकामं. खाली कपाशीच्या पऱ्हाटीत यजमानांचा खांद्यावरचा दुपट्टा पडलेला. नाल्याकडच्या झाडांवर वानरं खकाखका ओरडत होती. मॅडमनी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, हाक मारली. उत्तर नाही. मला पळून जावंसं वाटत होतं; मी स्कूटी चालूच ठेवून हँडल धरून बसले होते. दुसऱ्या हाकेला शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडातून आवाज आला, घोगरा, ओळखू न येणारा. मला एवढंच कळलं, की पुढे येऊ नका.

यजमान उंच फांदीला बिलगून बसले होते. घाईत चढताना फोन खाली पडला होता. त्यांनी बोटानं तुरीकडे दाखवलं. वारा नव्हता, आणि तुरीचे शेंडे एका रांगेत हलत होते. हलायचे, थांबायचे. पुन्हा हलायचे, थोडे अलीकडे.

मॅडमनी माझ्या हातावरून हात घालून स्कूटीचा हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. मी पिशवीतला जेवणाचा डबा काढून त्याचं झाकण डब्यावर बडवत राहिले. तांड्यावरून माणसं पिंपं वाजवत, आरोळ्या देत आली. हलणारी रांग नाल्याकडे वळली आणि थांबली. वाघ मी पाहिलाच नाही. आजही डोळे मिटले की हलणारे शेंडेच दिसतात.

यजमान खाली उतरले तेव्हा त्यांचे हात सालीनं सोलून निघाले होते. ते बुंध्याशीच बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "गाडी कोण आणन घरी?" ते ऐकून मॅडम पहिल्यांदा रडल्या.

पुढे वाघ तिथून सरकला म्हणतात. कोणत्या बाजूला, ते कोणीच सांगत नव्हतं, त्यामुळे भीती गेली नाही. तुरी कापल्यावर शिवार मोकळं झालं तेव्हा कुठे लोकांना जरा श्वास आला.

मॅडमनी पुस्तक पूर्ण केलं. एवढंच काय, यजमानांनाही ते वाचून दाखवलं, अडेल तिथं त्यांच्या बोलीत समजावून. मी विचारलं, काय म्हणाले ते?

"काई नाही. म्हणे, ते बाई त्याले पाहाले काहून नाही गेली?"

मी ती कादंबरी दोनदा वाचली होती. तिच्यावर गटावर लांबलचक लिहिलं होतं, त्या बाईच्या वाट पाहत थांबण्याचं कौतुक केलं होतं. हा प्रश्न मला सुचला नव्हता. मॅडम माझ्याकडे उत्तरासाठी बघत होत्या.

"भीत असेल," मी म्हटलं.

"भेव तर आपल्यालेबी होतं," त्या म्हणाल्या, आणि तिसरीच्या वह्या तपासायला घेतल्या.