बोथट टोकाचा आकडा

काल शाळेतल्या काचेच्या कपाटातला तो लष्करी आकडा साफ करायला हातात घेतला, आणि त्याचं टोक बोथट असल्याचं बोटांना कळलं. चाळीस वर्षांपूर्वी मीच त्याच्याखाली चिठ्ठी लावली होती : ‘शत्रूचे पोट फाडण्याचे हत्यार’.

आकडा पलटणीतून परतलेल्या राणूआबांचा. ते तेव्हाच म्हणाले होते, “मास्तर, हे हत्यार न्हवं. खेचराच्या खुरात अडकलेला खडा काढायचा आकडा हाय. मी नाल ठोकणारा, नालबंद होतो.”

“आबा, खडे बघायला कोण येतंय?” असं म्हणून मी हसलो होतो. पुढं गाव त्यांना कौतुकानं ‘पोटफाडे’ म्हणू लागलं. ते नाव त्यांनी मान खाली घालून मरेपर्यंत ऐकलं.

खुराच्या आतला मऊ भाग दुखावू नये म्हणून टोक बोथट ठेवलेलं. मूठ झिजून गुळगुळीत झालेली; किती जनावरांचे पाय या माणसानं मांडीवर घेतले असतील! सगळं त्या लोखंडावरच दिसत होतं. तरी त्याच्याखाली मी माझी खोटी चिठ्ठी चिकटवली होती.

आज ती फाडली, नवी लावली आणि आबांच्या लेकीला, शेवंताला बोलावलं. तिच्या मागोमाग गल्लीतल्या बायकाही आल्या. तिनं बोट ठेवून वाचलं : ‘खेचराच्या खुरातला खडा काढण्याचा आकडा. राणू नालबंद यांचा.’

मग ती जमलेल्या बायकांकडं वळली. “ऐकलं का गं? माझ्या बापानं कुणाचं पोट फाडलं न्हाई!” आणि मला म्हणाली, “लई उशीर केलात, मास्तर. आता तुमीबी वाचा.”

मी वाचलं, पार एस्टीच्या थांब्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.