टोकाच्या कमानीला चावी नसते

माझी शाळा तिसरीत संपली. तरी रोमन कमान कोणती आणि गॉथिक कोणती, हे मला विचारा. शिकलेल्यांच्या नादी लागू नका.

महायुद्ध चालू होतं. सिमेंट औषधालाही मिळत नव्हतं. पाथर्डीच्या रस्त्याला मिशनचं चर्च चुन्यात बांधायचं होतं. तिथले गोरे पाद्रीसाहेब मराठी चांगलं बोलायचे. एका दुपारी त्यांनी आम्हा गवंड्यांपुढे चित्रांचं जाड पुस्तक उघडलं. पहिलं चित्र ग्रीक लोकांचं: खांब, वर आडवी शिळा. मी म्हणालो, "ही तर आपली हेमाडपंती रीत." साहेब हसले. मग रोमन लोकांची अर्धगोल कमान, ऐन माथ्यावर पाचरीसारखा चावीचा दगड. तिसरी गॉथिक, वर टोक निघालेली. तीच त्यांना दारावर हवी होती. "ही खास आमच्याकडची," ते म्हणाले. नगरच्या जुन्या मशिदीत तसलं टोक मी अब्बांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं.

कामावर देखरेखीला आलेल्या पुण्याच्या ओव्हरसियरने आजवर बंगल्यांच्या गोल कमानीच बांधून घेतलेल्या. त्याने इथेही चावीचा दगड घडवून आणला.

"हा माथ्यावर बसव."

"रावसाहेब, ह्याला जागाच न्हाई. दोन्ही बाजू वर येऊन एकमेकीला टेकत्यात. मधी हा घुसवला तर टोक कुठं राहिलं?"

"चावीशिवाय कमान उभी राहते होय रे? मला शिकवतोस?"

"तुमी गोल बांधल्यात. ही गोल न्हाई."

"पडली तर थापी इथंच ठेवायची आणि खडी फोडायला जायचं. कबूल?"

"कबूल."

साहेबांनी मला माझ्या रीतीने बांधू दिली. चुना धरेपर्यंत कमानीखालचा लाकडी साचा, आम्ही त्याला ढोला म्हणतो, तसाच ठेवला. तो उतरवायच्या दिवशी निम्मं गाव जमलं. अब्बाही गवंडीच; त्यांची शिस्त अशी, की ढोला निघताना बांधणाऱ्याने स्वतः खाली उभं राहायचं. मी उभा राहिलो. ढोल्याखालच्या पाचरी सुटल्या, फळ्या निघाल्या. माथ्यावरून चिमूटभर चुना माझ्या टोपीवर पडला. ओव्हरसियर दोन पावलं मागे सरला. कमान जागची हलली नाही.

"रावसाहेब, या की खाली. गार सावली हाय!" मी ओरडलो. माणसं खदाखदा हसली. तो काही आला नाही.

पाद्रीसाहेबांनी माझा चुन्याने भरलेला हात हातात घेतला. "कुठे शिकलास?"

"साहेब, तुमचं पुस्तक यायच्या लई आधी ही कमान नगरला आलीया."

त्यांनी मान वर करून टोकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग खास आमची नाही म्हणायची."

कमान अजून उभी आहे. ओव्हरसियरचा तो दगडही चर्चच्या आवारात पडून आहे, लोक येता-जाता त्यावर टेकतात. कुणी विचारलं तर मी सांगतो, "चावी हाय. कुलूप कुठं सापडलं न्हाई."