घरचंच हाय
तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की माझी बोटं अजून ठणकायला लागतात. तेव्हा मी तळेगावला शाळेत चित्रकला शिकवत होते आणि संधिवातानं ब्रश धरवेनासा झाला होता. बाहेरून काही आलेलं नाही, शरीराची राखण करणाऱ्या पेशीच तुमच्या सांध्यांवर उठल्यात, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मुठीत काडी धरून माझ्या हाताच्या एक्स-रेवर, सुजलेल्या सात सांध्यांवर, शेंदरानं सात आसरा काढल्या. पाण्यातल्या या बहिणी माणसाला धरतात तशा सोडतातही, असं ऐकलं होतं. ते चित्र घेऊन मी तिकोणा पेठेला, धरणाकाठी आसरांची पूजा करणाऱ्या मावशींकडे गेले. चित्रासाठी माहिती हवीय म्हणाले, पण पिशवीत उतरवून टाकायला दहीभात होता. मावशींनी फिल्म उन्हात धरली. "ह्यो तुजाच हात व्हय?" मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं आणि रडायलाच लागले. "मावशी, काहीही सांगा, करते. फक्त हे उतरवा." त्यांनी फिल्म माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "बाहेरचं असतं तर उतरवून पाण्यात सोडलं असतं, पोरी. ह्ये तर घरचंच हाय. घरच्याला कुटं सोडू? त्येला जेवाय घालत्यात." आणि तो दहीभात त्यांनी माझ्याच हातावर ठेवला. बोटं मिटत नव्हती, भात सांडत होता, तरी मी खाल्ला. आता काडीही धरवत नाही. रोज सकाळी काहीतरी खाऊन गोळी घेते, आणि मी नि हे घरचं दुखणं, आमच्या दोघांत मी नक्की कुणाला जगवतेय, ते कळत नाही.