बळीरामच्या बोटीची पितळी पिन

बळीरामचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाचच्या आत तो मरोद्याच्या तलावावर पोचलेला असायचा. बोटीत बसणारे सात वाजता यायचे, तेही फक्त रविवारी. बाकी सहा दिवस तिथे बगळे असत. तरी हा पाचलाच. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "इंजिनाले रविवार समजत नाही, गुलाबभाऊ."

मी गुलाबराव. इथल्या पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये लेथवर तीस वर्षं काढली. बळीराम शहारे भंडाऱ्याकडचा. १९७८ साली साहेब लोकांनी तलावावर एक छोटा बोट क्लब काढला, तेव्हा इंजिन सांभाळायला त्याला रोजंदारीवर घेतलं. सहा जणांची एक बोट आणि तिच्या मागे टांगलेलं दहा हॉर्सपॉवरचं इंजिन, एवढाच क्लब.

त्याचं काम मी पाहिलेलं आहे. आधी पंख्यात अडकलेलं शेवाळ हातानं काढायचा. मग प्लग काढून घासायचा, फट मोजायचा. खालचा स्क्रू सैल करून गिअरच्या तेलाचा एक थेंब बोटावर घ्यायचा. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलेलं असतं. पेट्रोलमध्ये तेल मापानं घालायचा, अंदाजानं कधीच नाही. शेवटी इंजिन स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून पाच मिनिटं चालवायचा, म्हणजे तलावाचा गाळ धुऊन निघतो. पाच मिनिटं म्हणजे घड्याळाची पाच. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. कारखान्याचा भोंगा ऐकून चौकीदाराचं घड्याळ तो स्वतः लावून द्यायचा आणि मग त्यालाच वेळ विचारायचा.

पाच वर्षांनी त्याचं नाव नियमित करायच्या यादीत लागलं. नियमित झाला की क्वार्टर मिळणार होतं. तोवर तो, बायको पंचफुला आणि दोन मुली मरोद्याच्या वस्तीत ताडपत्रीखाली राहत होते. नियमित करायच्या कागदावर क्लबच्या सेक्रेटरीचा शेरा हवा होता. सेक्रेटरी म्हणजे अरुणकुमार साहेब.

अरुणकुमार साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांना बोट सजवायची हौस होती. पहिल्यांदा त्यांनी भोंगा आणला. तलाव एवढा लहान की भोंगा वाजवणाऱ्याशिवाय त्याचा कोणाला उपयोग नव्हता. मग सर्चलाइट आला. बोट अंधार पडायच्या आत बंद व्हायची. मग कापडी छत, टेपरेकॉर्डर आणि दोन स्पीकर. या सगळ्यासाठी मागच्या बाकाखाली ट्रकची बॅटरी बसली. बळीरामनं प्रत्येक वस्तू नीट बसवली. पाण्याच्या रेषेखाली एकही भोक पाडलं नाही, प्रत्येक बोल्टाला रबरी वॉशर घातला, वायरी नळीतून नेल्या. काम झाल्यावर त्यानं बोटीवर रंगानं लिहिलं: चार माणसं.

"सहा बसतात ना?" साहेब म्हणाले.

"बसत होते, साहेब. दोघाइची जागा भोंग्यानं आन् बॅटरीनं घेतली."

बोट मागून दबली. पंखा चार बोटं खाली गेला आणि तलावातल्या जुन्या बाभळीच्या खुंटांना लागू लागला. इथे पिनेचं सांगायला हवं. पंखा आणि दांडा यांच्यामध्ये एक पितळेची पिन असते, करंगळीएवढी. पंखा कशात अडकला की ती पिन तुटते. इंजिन मोकळं फिरतं, बोट थांबते, आतले गिअर वाचतात. नवी पिन घातली की चार मिनिटांत बोट चालू. पिनेचं काम तुटणं हेच आहे.

आता ती दर रविवारी तुटू लागली. साहेबांना पाहुण्यांसमोर चार मिनिटं ओशाळं होऊन बसावं लागायचं.

"लोखंडाच्या गावात राहतो आपण, आणि बोटीत पितळ?" साहेब म्हणाले. "पोलादाची घाल."

"पिन नका बदलू, साहेब. बॅटरी काढा."

साहेबांनी बॅटरी काढली नाही. बळीरामनं पिन बदलली नाही. तुटलेली प्रत्येक पिन तो तारेत ओवायचा आणि तिला तारखेची चिठ्ठी बांधायचा.

१९८३ च्या दसऱ्याला बळीराम तीन दिवसांची रजा टाकून नागपूरला गेला. दीक्षाभूमीला तो दरवर्षी जायचा. ही एकच रजा तो मागत असे. त्याच दिवसांत साहेबांकडे दिल्लीचे पाहुणे यायचे होते. साहेब तुटलेल्या पिनेचा तुकडा आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली कामाची चिठ्ठी घेऊन माझ्या लेथवर आले. चिठ्ठीत होतं: पिन पोलादाची, कडक, संध्याकाळपर्यंत.

पिन कुठली हे मला ठाऊक होतं. बळीराम काय म्हणतो तेही मी ऐकलेलं होतं. पण पितळेचा तो तुकडा पाहून मलाही हसू आलं. गावभर पोलाद, आणि हा पितळ घेऊन बसला आहे. मी चांगली सळई निवडली, पिन कातली, लाल तापवली आणि तेलात बुडवली, म्हणजे कडक होते आणि पाण्यातल्यासारखी तडकत नाही. माप केसभर इकडेतिकडे नव्हतं. बसवूनही मीच दिली.

दसऱ्याच्या सकाळी पंखा खुंटाला लागला. पिन तुटली नाही. आतले गिअर तुटले. साहेब, दिल्लीचे पाहुणे आणि त्यांच्या बायका छताखाली बसून राहिले. चौकीदारानं दोर टाकून बोट काठाला ओढली. टेपरेकॉर्डर तेवढा चालू होता.

बळीराम परतला तेव्हा त्याच्या कागदावर शेरा पडला होता: देखभालीत निष्काळजीपणा. गुरुवारी चौकशी ठेवली होती. शेरा कायम राहिला तर नियमित होणं गेलं, क्वार्टर गेलं, रोजंदारीही गेली.

बुधवारी संध्याकाळी तो सेक्टर सहाला माझ्या घरी आला. सायकल लावली, ओट्यावर बसला. मी चहा सांगितला. पोलादी पिन मी केली हे त्याला चौकीदाराकडून कळलं होतं. मी त्याच्या शिव्यांची वाट पाहत होतो.

"पाण्यात बुडवली का तेलात?" त्यानं विचारलं.

"तेलात."

"मंग चांगली झाली असंन."

"बळीराम, साहेबाची चिठ्ठी होती. मी काय करणार?"

"मी कुठं काय म्हणून राहिलो?" त्यानं चहा संपवला. "पंचफुला म्हणते, त्या गुलाबभाऊले विचारा, त्याइच्या घरच्या छताले ताडपत्री काहून नाही. मी म्हटलं, थे विचारायसारखं नाही."

आणि गेला.

चिठ्ठ्या मी फेकत नाही. लेथजवळच्या खिळ्याला टोचून ठेवतो. सकाळी मी साहेबांची चिठ्ठी काढून खिशात घातली. मग परत टोचली. साहेबांच्या एका शब्दावर माझी बदली कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, होऊ शकत होती, आणि कोक ओव्हन काय चीज आहे हे मी पाहिलेलं होतं. दहाच्या भोंग्याला ती पुन्हा खिशात घातली.

चौकशीला पर्सोनेल खात्याचे एक म्हातारे अधिकारी होते. टेबलावर उघडलेलं इंजिन होतं. अरुणकुमार साहेब म्हणाले, देखभाल झाली असती तर गिअर तुटले नसते. बळीरामनं पिनांची तार टेबलावर ठेवली.

"ह्या एकतीस. सगळ्या तुटल्या, गिअर एकदाही नाही तुटला. बत्तिसावी माह्यापाशी नाही. थे दांड्यातच असंन. काढून पाहा."

काढायला मलाच बोलावलं होतं. हातोडीनं ठोकून ठोकून निघाली. पिनेला ओरखडासुद्धा नव्हता. माझं काम चोख होतं.

"ही कोणी बनवली?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो आणि चिठ्ठी पुढे केली. "बळीराम रजेवर होता. तो असता तर बसवू दिली नसती."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. अक्षर त्यांचंच होतं. म्हणाले, "मला वाटलं पोलाद बरं."

"मलाही, साहेब," मी म्हणालो. ते खरं होतं.

म्हाताऱ्यांनी शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि सही केली. पुढच्या महिन्यात माझी बदली कोक ओव्हनला झाली. दोन वर्षं काढली तिथे. बळीराम वर्षभरानं नियमित झाला, पंपहाउसवर. त्याला एका खोलीचं क्वार्टर मिळालं. छत पक्कं. पंचफुलानं ताडपत्री घडी करून खाटेखाली ठेवली, टाकली नाही.

क्लब बंद पडला. इंजिन स्टोअरमध्ये धूळ खात राहिलं आणि १९८७ साली भंगाराच्या लिलावात निघालं. तेव्हा सेक्टरांत घरोघर टीव्ही येत होते. बळीरामनंही टीव्हीसाठी तीन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकले होते. तो सायकलवर टीव्ही आणायला गेला आणि इंजिन घेऊन आला.

"लोकाइच्या घरी टीव्ही येऊन राहिले," पंचफुला म्हणाली, "आन् आमच्या घरी हे मेलेलं!"

"मेलं नाही. दोन गिअर पायजे फक्त."

दोन गिअर कलकत्त्याहून यायला सात महिने लागले. टीव्हीचे उरलेले पैसे त्यात गेले. तेवढे महिने इंजिन ताडपत्रीत गुंडाळून खाटेखाली होतं. पितळेच्या पिना मी केल्या, डझनभर. या वेळी त्याला विचारून.

पंचफुलाचा भाऊ तेजराम वैनगंगेवर डोंगा चालवायचा, माणसं पलीकडच्या बाजाराला नेऊन सोडायचा. उन्हाळ्यात आम्ही ते इंजिन तिथे नेऊन त्याच्या डोंग्याला लावलं. भोंगा नाही, छत नाही. पंचफुला पुढे बसली. मरोद्याच्या बोटीत ती कधी बसली नव्हती. कामगारांच्या घरच्या माणसांना तिथे परवानगी नव्हती.

नदीच्या मधोमध पंखा खडकाला लागला. कट्ट आवाज झाला आणि डोंगा थांबला.

"आता काय मोडलं?" पंचफुलानं मागे वळून विचारलं.

"जे मोडायले पायजे होतं थेच," बळीराम म्हणाला.

त्यानं खिशातून नवी पिन काढली. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागली. मग डोंगा पलीकडे गेला. बळीरामचा टीव्ही तो हाच.