टोपण लावलेलं पेन

दीड महिन्यापूर्वी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझीच स्लाइड सुरू असताना फोनवर मेसेज आला, "वत्सलामावशी आज सकाळी गेल्या." मी स्लाइड पुरी केली, प्रश्नांना उत्तरंही दिली, आणि मग पार्किंगमध्ये गाडीत बसून मोठमोठ्यांदा रडले. मावशींना हे आवडलं नसतं. रडणं नव्हे, आधी स्लाइड पुरी करणं. सगळं अंगावर काढायची तुम्हा मुलींची खोड, असं त्या नेहमी म्हणायच्या.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. इथं परदेशात, पार्सिपनी गावात आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायच्या. तरुणपणी नागपूरहून नर्स म्हणून आल्या आणि इथल्या एका हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी करून निवृत्त झाल्या. खरी ओळख झाली ती माझ्या डोहाळजेवणात. सातवा महिना होता. त्याच आठवड्यात माझी नोकरी गेलेली, व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर, आणि मी हिरवी साडी नेसून सगळ्यांकडे बघून हसत होते. बोलता बोलता अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विषय निघाला. एक काकू म्हणाल्या, "आपल्यात नसतं हो असलं. त्या काळ्या बायकांमध्ये फार. सिगारेटी ओढतात ना!"

मावशींनी हातातली वाटी खाली ठेवली. "मीही असंच समजत होते," त्या म्हणाल्या, "आणि त्यात एक बाळ गेलं."

मग भर डोहाळजेवणात त्यांनी ते सांगितलं. "मी नवीन होते. डेनिस नावाची ब्लॅक शाळामास्तरीण आली, सहावा महिना. पोट घट्ट होतंय, खाली दाब येतोय, म्हणत होती. मी मान खाली घालून फॉर्म भरत होते. सिगारेटच्या रकान्यात मीच 'हो' लिहून टाकलं. डॉक्टरांनी माझा कागद वाचला, सिगारेट सोडा म्हणाले आणि तिला घरी पाठवलं. दोन दिवसांनी ती परत आली... बाळ राहिलं नाही. तिनं जन्मात सिगारेट ओढलेली नव्हती. मला एवढंच म्हणाली, तुम्ही विचारलंच नाही. तेव्हापासून मी आधी पेनाला टोपण लावते, मग विचारते." पुढे म्हणाल्या, "सिगारेटनं धोका वाढतो, खोटं नाही. सततच्या टेन्शननंही वाढतो. पण रंगापायी त्या बायका जन्मभर जे सोसतात, दवाखान्यातसुद्धा कोणी त्यांचं ऐकत नाही, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि आपल्या घरात सिगारेट नसते, असं कोणी सांगितलं?" शेवटचं वाक्य दाराशी उभ्या माझ्या नवऱ्याकडे, निखिलकडे बघून होतं. तो पार्किंगमध्ये जाऊन ओढायचा. बिचारा कोशिंबिरीचं भांडं घेऊन आत पळाला.

जेवणं झाल्यावर मावशींनी मला बेडरूममध्ये नेलं. "कसं चाललंय?"

"ठीक आहे, मावशी."

त्या माझ्याशेजारी पलंगावर टेकल्या. नुसत्या बसून राहिल्या... आणि माझा बांध फुटला. नोकरी, व्हिसा, आणि सकाळपासून पोट मधूनमधून घट्ट होतंय, पण गॅसेस असतील, सोमवारी इंटरव्ह्यू आहे, तो कॅन्सल नाही करता येणार.

"साडी बदल," त्या म्हणाल्या. "निखिल, गाडी काढ!"

हॉस्पिटलच्या काउंटरवरची बाई म्हणाली, असं होतंच, घरी जाऊन पाणी प्या. मावशी समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, हिला तपासल्याशिवाय मी इथून उठणार नाही. तपासलं, तर कळा सुरू झालेल्या. औषधं दिली, आणि माझी लेक आणखी चार आठवडे पोटात राहिली. आता ती पाच वर्षांची आहे आणि मला इंग्लिशमध्ये उलट उत्तरं देते. निखिलची सिगारेट दोनदा सुटली, दोनदा परत लागली, तिसऱ्यांदा सुटली ती अजून सुटलेलीच आहे. मी आभार मानायला गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "मी हटून बसले म्हणून त्यांनी ऐकलं. डेनिसजवळ असं कोणी बसलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

निवृत्तीनंतर दर शनिवारी त्या शेजारच्या गावातल्या मोफत दवाखान्यात गरोदर बायकांचे फॉर्म भरायला जायच्या. मला बोलवायच्या. मी पाच वर्षं "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणत राहिले. त्याची मला लाज वाटते.

गेल्या शनिवारी त्यांच्या जागी फॉर्म भरायला गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात त्यांचं निळं पेन होतं. समोर एक तरुण ब्लॅक मुलगी बसली, गोदामात शिफ्टमध्ये काम करणारी, आठवा महिना. स्मोकिंग? नो. स्ट्रेस? "आय ॲम फाइन," ती म्हणाली. तो सूर मला चांगला ओळखीचा होता, माझाच 'ठीक आहे, मावशी'वाला. मी पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि गप्प बसले. तिनं बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, कालपासून पाठीत कळ येते आणि जाते... हॉस्पिटलला फोन केला होता, नॉर्मल आहे म्हणाले.

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी सहाजणी आहेत, नंबर आला की बघते.

मी माझी खुर्ची उचलली, त्यांच्या दारात नेऊन ठेवली आणि तिथंच ठाण मांडून बसले.